तुम्ही विचारलंत म्हणून: अजून नऊच जण का?

इंदुरातल्या सानंद या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात, लग्नाच्या पंगतीत, एखाद्या कॉलेजात मुलांशी बोलायला गेले की शेवटी शेवटी, प्रश्न तोच येतो. "काम तर चांगलं चाललंय, मग तुमच्या कंपनीत अजून नऊच जण का? ऑफिस घ्या, फंडिंग घ्या, वीस-पंचवीस मुलं ठेवा." विचारणाऱ्यांच्या मनात आस्था असते. इंदुरात मराठी माणसाचा धंदा वाढावा असं मनापासून वाटणारी जुनी मंडळी आहेत, आणि सुपर कॉरिडॉरवर टीसीएस-इन्फोसिस बघत मोठी झालेली मुलंही आहेत. दोघांच्याही लेखी कंपनी मोठी म्हणजे माणसं जास्त. या प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी काम काय ते सांगते. नमकीन, बिस्किटं, मसाले असा पाकीटबंद माल दुकानांना पुरवणाऱ्या एजन्सीवाल्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. बिल, साठा, बॅच, एक्सपायरी, उधारी, जीएसटी हा सगळा हिशेब त्यात होतो. ग्राहक माळवा, निमाड आणि खानदेशातले. आम्ही काही जण इंदुरात, बाकीचे देवास, उज्जैन, बऱ्हाणपूर, सांगली असे आपापल्या घरून काम करतो. ऑफिस पहिल्यापासूनच नाही.

या धंद्यात काम लाटेसारखं येतं, ही गोष्ट बाहेरून दिसत नाही. ई-इन्व्हॉइस, म्हणजे व्यापाऱ्याला दिलेलं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून घेणं, २०२० मध्ये फक्त ५०० कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना सक्तीचं होतं. ती मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली, आणि आमचे ग्राहक अचानक त्यात सापडले. मग २०२५ चा सप्टेंबर. जीएसटी परिषदेनं ३ तारखेला दर बदलायचं ठरवलं आणि २२ तारखेला, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, नमकीन १२ टक्क्यांवरून ५ वर आणि बिस्किटं १८ वरून ५ वर आली. दर बदलणं हे तसं एका ओळीचं काम. पण गोदामात जुन्या एमआरपीची पाकिटं होती. २१ तारखेच्या बिलातला माल २५ ला परत आला तर त्याची क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची वजावट दाखवणारा कागद, जुन्याच दरानं व्हायला हवी. त्यात दिवाळीचा माल भरायची वेळ. एजन्सीवाल्यांचे जीव टांगणीला लागले होते.

ते तीन आठवडे ज्यांनी पाहिले त्यांनी तर हमखास म्हटलं, आता तरी माणसं घ्या. मला मात्र उलटंच दिसलं. त्या तीन आठवड्यांत नवं माणूस आलं असतं तर जुन्या बिलाचा माल परत येतो म्हणजे काय, हे त्याला शिकवायला आमच्यातलाच एक जाणता माणूस कामातून काढावा लागला असता. लाट ओसरल्यावर पगार मात्र बाराही महिने चालू राहिला असता. लाटेसाठी माणूस घेऊ नये, हे मी आता ठामपणे सांगते. लाटेच्या वेळी चालू कामं बाजूला ठेवता येतात, नवी मागणी महिनाभर थांबवता येते, आणि ग्राहकाला तसं स्पष्ट सांगितलं तर तो ऐकतो.

मग माणूस घ्यायचं कधी? याचं उत्तर आम्हाला दर महिन्याच्या फोनांनी दिलं. ज्यांचं रिटर्न महिन्याला भरायचं असतं त्यांची जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीचा तपशील भरायची, शेवटची तारीख ११. त्यामुळे ८ पासून ११ पर्यंत फोन खाली ठेवायची सोय नसायची. फोनसाठी दोन मुलं ठेवावी हा विचार अगदी स्वाभाविक होता. त्याआधी आम्ही एक केलं: प्रत्येक फोन कशासाठी आला ते एका सामायिक शीटमध्ये, ग्राहकाच्याच शब्दांत, लिहायला लागलो. प्रोग्रामिंग करणाऱ्यांनीही आठवड्यातला एक दिवस फोन घ्यायचा असं ठरलं. शीट वाचली तेव्हा बहुतेक फोन तीन-चार कारणांचेच निघाले. दुकानदाराचा जीएसटी नंबर चुकीचा, एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराचा ठरलेला क्रमांक) राहिलेला, रद्द केलेलं बिल मोजलं गेलेलं. या चुका अकरा तारखेला सापडतात म्हणून घबराट होते, बिल बनवतानाच दाखवल्या तर काहीच नाही. ते दाखवणारा स्क्रीन तयार झाला आणि फोन निम्म्याहून खाली आले. दोन मुलं घेतली असती तर त्यांनी तेच उत्तर वर्षानुवर्षं दिलं असतं, आणि ग्राहकही दर महिन्याला तसाच घाबरला असता.

त्याच शीटमध्ये एक काम असंही दिसलं जे स्क्रीननं सुटणार नव्हतं. नवा ग्राहक येतो तेव्हा त्याचा सगळा धंदा वहीत असतो. कुठल्या दुकानाची किती उधारी, कुठल्या बॅचचा किती माल, कुठल्या सेल्समननं कोणती स्कीम तोंडी कबूल केली. ते ओपनिंग स्टॉक आणि ओपनिंग बॅलन्स, म्हणजे सुरुवातीचा साठा आणि सुरुवातीची बाकी, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं तर शेजारी बसून, धीरानं, मालकाला विचारत विचारत करावं लागतं. इथे घाई झाली की पहिल्याच महिन्यात उधारीचा आकडा चुकतो, आणि उधारीचा आकडा चुकलेलं सॉफ्टवेअर कुठलाही व्यापारी दुसऱ्यांदा उघडत नाही. या कामासाठी आम्ही बऱ्हाणपूरचा एक मुलगा घेतला. कॉमर्सचा, वडिलांच्या किराणा दुकानावर बसलेला. कोडिंगचा गंध नाही. नवे ग्राहक टिकायला लागले ते त्याच्यामुळे.

दूरदूर बसून काम करताना माणूस वाढवणं अधिक जड जातं, हेही सांगायला हवं. ऑफिसात नवा मुलगा आजूबाजूचं बोलणं ऐकत शिकतो. आमच्याकडे ऐकायला कोणी नसतं. जे लिहिलेलं नाही ते त्याच्यासाठी नसल्यातच जमा. म्हणून कोणताही निर्णय फोनवर झाला तरी तो कोणी, का आणि कशाच्या जागी घेतला हे संध्याकाळपर्यंत लिहून ठेवायचा आमचा नियम आहे. आणि नवा माणूस कुठल्याही गावचा असो, पहिला आठवडा तो इंदुरात येऊन सियागंजच्या घाऊक बाजारात एका एजन्सीच्या गादीवर बसतो. टेम्पो लागल्यावर बिल बनवायला किती मिनिटं हातात असतात, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. नऊ जणांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या होतात ३६, वीस जणांत १९०. लिहिण्याची सवय पक्की नसताना वीस माणसं जमवली तर अर्धा दिवस कोणाला काय माहीत आहे हे शोधण्यातच जाईल.

आता पैशाचं. आमचं उत्पन्न म्हणजे वर्षाचं रिन्यूअल, सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी चालू ठेवायला ग्राहक भरतो ते पैसे. एप्रिलच्या आसपास बरंच येतं, दिवाळीनंतर थोडं, मधले महिने कोरडे. पगार मात्र दर १ तारखेला लागतो. आमच्यातल्या काहींच्या घरचा तो एकुलता पगार आहे, गृहकर्जाचा हप्ता त्यावर चालतो. म्हणून नव्या माणसाचा सहा महिन्यांचा पूर्ण खर्च बाजूला पडल्याशिवाय मी जाहिरात देत नाही. पूर्ण खर्च म्हणजे पगार, पीएफमधला आपला वाटा, विमा, लॅपटॉप, नेट आणि शिकवणाऱ्याचा वेळ. हा शेवटचा खर्च कुठल्याच तक्त्यात दिसत नाही आणि सगळ्यात जास्त तोच असतो.

फंडिंगविषयी माझ्या मनात राग नाही. पण गुंतवणूक करणाऱ्या फंडाला आपल्या पैसेवाल्यांना साधारण दहा वर्षांत पैसे वाढवून परत करायचे असतात, त्यामुळे त्याला प्रचंड वेगानं वाढणाऱ्या कंपन्याच हव्या असतात. हे त्याचं गणित आहे आणि ते चुकीचं नाही. आमचा ग्राहक खरगोनचा किंवा धुळ्याचा एजन्सीवाला. तो शेजाऱ्याचं सॉफ्टवेअर वर्षभर बघतो, मग ठरवतो. त्याला ढकलून वेग येत नाही. त्याच्या वेगानं चालायचं तर पैसाही त्याच्याचकडून आलेला बरा, अशा मताची मी आहे.

दहावा माणूस येतो तेव्हा कायद्यानंही चित्र बदलतं. दहा कर्मचारी झाले की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे द्यायची रक्कम, लागू होते, आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे कंपनीत अंतर्गत समिती नेमावी लागते. त्याआधी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. वीस झाले की पीएफ सक्तीचा. अनेक छोट्या कंपन्या या आकड्यांच्या अलीकडे मुद्दाम अडून बसतात. मला ते पटत नाही. पीएफ आम्ही कमी माणसं असतानाच स्वेच्छेनं सुरू केला, ग्रॅच्युइटीची रक्कमही दरवर्षी वेगळी ठेवतो. त्यामुळे नऊवर थांबण्याचं कारण कायदा नाही. घरून एकटीनं काम करणाऱ्या मुलीला तक्रार कोणाकडे करायची हे पहिल्या दिवशी कळलंच पाहिजे, मग आकडा काहीही असो.

आणि हो, दहावी जागा निघणार आहे. जळगाव-धुळ्याकडचे ग्राहक वाढलेत, आणि त्यांच्या वह्या चढवायला बऱ्हाणपूरचा मुलगा एकटा पुरत नाही. ते काम कसं करायचं हे तो सध्या लिहून काढतोय. एप्रिलची रिन्यूअल आली की सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेल. खानदेशातला, वही वाचता येणारा, व्यापाऱ्याशी नीट बोलणारा मुलगा किंवा मुलगी तुमच्या ओळखीत असेल तर कळवा. इंग्रजी आलं नाही तरी चालेल. सियागंजचा आठवडा मात्र करावा लागेल.