विक्रीसाठी नसलेली तबकडी

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला सात इंची एक रेकॉर्ड मिळाली. तिच्या पांढऱ्या लेबलावर टंकलेखन यंत्राने उमटवलेली एकच ओळ होती आणि त्या ओळीवर जांभळ्या शाईचा तिरका इंग्रजी शिक्का होता : 'नमुना प्रत, विक्रीसाठी नाही'. विक्रेत्याने किंमत सांगितली ती शेजारच्या रेकॉर्डींच्या चौपट. 'अहो, विकायची नाही असं लिहिलंय, मग विकता कशी?' असे मी विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, 'म्हणूनच तर महाग आहे, साहेब.'

त्याचे म्हणणे खोडून काढता येण्यासारखे नव्हते. रेडिओ केंद्रांनी आणि समीक्षकांनी गाणे आधी ऐकावे म्हणून कंपन्या अशा थोड्या प्रती फुकट वाटत. ज्यांना किंमतच नव्हती, त्यांच्यासाठी आज माणसे गावोगाव हिंडतात. बीटल्सच्या १९६२ मधील 'लव्ह मी डू' या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या अशा सुमारे २५० प्रती काढल्या होत्या आणि त्यांवर या बँडमधल्या पॉल मॅककार्टनी यांच्या नावातले एक अक्षर गळून 'मॅकआर्टनी' छापले गेले होते. दुकानांत गेलेल्या प्रतींवर ते नाव नीट आले, आणि नेमकी चुकलेलीच प्रत हजारो पौंडांना जाऊ लागली. अमेरिकेत तर फुकट वाटलेल्या सीडी विकणाऱ्या एका माणसावर कंपनीने दावा लावला होता. न मागता पाठवलेली, नंतर हिशेबही न ठेवलेली वस्तू ज्याला मिळाली त्याचीच होते, असे तेथील अपील न्यायालयाने २०११ मध्ये ठरवले. आमच्या जुन्या बाजाराने हा निकाल न वाचताच अंमलात आणला आहे.

संग्राहकांपाशी या वेडाचे एक शास्त्रीय समर्थनही असते. गाणे प्रथम मऊ लेप दिलेल्या तबकडीवर कोरतात, तिच्यावरून धातूचे साचे तयार होतात आणि त्या साच्यांत रेकॉर्डी दाबून काढतात. प्रत्येक दाबाबरोबर साचा किंचित झिजतो, म्हणून सुरुवातीच्या प्रतींत आवाज अधिक स्वच्छ असतो, असे आम्ही पाहुण्यांना सांगतो. शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत कड्यावर कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे रेकॉर्ड कोणत्या मूळ कोरणीवरून निघाली ते सांगणारा क्रमांक, भिंग लावून वाचण्याची सवयही त्यातूनच लागते. आवाजातला फरक मला खरोखर कळतो का, हे घरातल्या कोणीही अद्याप तपासून पाहिलेले नाही, आणि मीही तसा आग्रह धरलेला नाही.

मात्र दुर्मीळपणा काही कारखान्यात ठरवून तयार होत नाही. इंग्लंडमध्ये मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या १९६० च्या सुमारास बंद पडल्या, तरी आपल्याकडे वीज न पोहोचलेल्या घरांत चावीचे ग्रामोफोन चालूच होते. त्यामुळे कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बीटल्सची गाणीसुद्धा लाखेच्या, हातातून पडताच फुटणाऱ्या त्या जुन्या तबकड्यांवर निघत राहिली. आपल्या गरजेपोटी काढलेल्या त्या साध्या तबकड्या आज परदेशी संग्राहक शोधत फिरतात. त्यांतल्या कितीतरी भंगारवाल्याच्या गाडीवर गेल्या असतील, या विचाराने मला मधूनच हळहळ वाटते.

जुन्या बाजारातली ती रेकॉर्ड मी घासाघीस न करता घेतली. घरी येऊन ती एकदाच लावली, तेव्हा तिच्यावरचे गाणे माझ्याकडे आधीपासून दोन वेगवेगळ्या रेकॉर्डींवर असल्याचे ध्यानात आले. ऐकायचे झाले तर मी त्यांतलीच ओरखडे पडलेली एखादी लावतो, कारण सुईने झिजायला ती मोकळी आहे. नमुना प्रत मात्र कपाटात वरच्या फळीवर उभी असते. दमट हवेत शिक्क्याची जांभळी शाई पसरू नये म्हणून पावसाळाभर तिच्या शेजारी कापडाच्या पुरचुंडीत तांदूळ बांधून ठेवलेले असतात.