टीएफएची बाटली बंदच राहिली

मे महिना, चिंचोळी एमआयडीसीतली आमची लॅब, आणि खिडकीवर जाड सोलापुरी चादर. त्या दिवशी पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, रेझिनच्या मण्यांवरून सोडवायचं होतं ते फक्त प्रकाशाने.

पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत पेप्टाइड वाढवायची पद्धत मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये मांडली. १९८४ चं नोबेल त्यासाठीच. शेवटी मण्यांवरून तोडायला आम्ही एरवी टीएफए (ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्ल) हे तीव्र आम्ल घालतो. पण ते बॉक आणि टर्ट-ब्युटिल हे संरक्षक गटही, म्हणजे नको तिथे जोडणी होऊ नये म्हणून लावलेली रासायनिक झाकणंही, काढून टाकतं. आम्हाला ल्यूसिन-एन्केफॅलिन या पाच अमिनो आम्लांच्या पेप्टाइडची साखळी या गटांसकट हवी होती, पुढच्या जोडणीसाठी. म्हणून मणी आणि पेप्टाइड यांना जोडणारा दुवा, म्हणजे लिंकर, ऑर्थो-नायट्रोबेंझिल प्रकारचा घेतला होता. ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश पडला की त्यातला नायट्रो गट शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढून घेतो आणि पेप्टाइडला धरून ठेवणारा बंध सुटतो.

"मॅडम, बाहेर एवढं ऊन तापलंय, गच्चीवरच ठेवा की!" लॅबमधले मामा म्हणाले. प्रश्न रास्त होता. उन्हातही लिंकर तुटला असता. पण प्रकाश किती, तापमान किती, यावर आपला ताबा राहत नाही. आमचं द्रावक डायक्लोरोमिथेन तर सुमारे ४० अंश सेल्सिअसलाच उकळतं, आणि सोलापूरचा मे सगळ्यांना ठाऊक आहे.

दिवा लावला, फ्लास्कभोवती थंड पाणी खेळवलं, खालून नायट्रोजन सोडला. त्याने विरघळलेला ऑक्सिजन जातो आणि मणीही हलत राहतात. चुंबकी कांडीने ते भरडले जातात. फिकट पिवळे मणी हळूहळू नारिंगी, मग तपकिरी झाले. तुटलेल्या लिंकरचा नायट्रोसो अवशेष मण्यावरच राहतो आणि प्रकाश स्वतःच शोषतो, त्यामुळे मण्याच्या आतल्या भागाला तो कमी पोचतो. मला या पद्धतीची खरी अडचण हीच वाटते. दर थोड्या वेळाने गाळून ताजं द्रावक घालत राहिलो.

संध्याकाळी मास स्पेक्ट्रम, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानाचा आलेख, आला. ७१२ वर ठसठशीत शिखर, शेजारी सोडियम चिकटलेल्या त्याच रेणूचं ७३४. दोन्ही गट जागेवर! ते गळाले असते तर ५५६ दिसलं असतं. तिथे काहीच नव्हतं. मी मामांना हाक मारून स्क्रीन दाखवली.

माल मात्र अपेक्षेच्या निम्माच भरला. पुढच्या खेपेला बेंझिलिक कार्बनवर मिथिल आणि रिंगवर अल्कॉक्सी गट असलेला, लवकर तुटणारा लिंकर घ्यायचं ठरलं आहे.