आमची वाटचाल: ऑनलाइन नोंद कुठे करायची, कुठे नाही

सोलापुरी चादरी आणि टॉवेलच्या आमच्या धंद्यात गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करून परतणारे भाविक जाता जाता चार चादरी घेऊन जातात. हैदराबाद-बेळगावकडचे व्यापारी आणि हॉटेलवाले गठ्ठ्याने माल मागवतात. भाविक नकाशावर दुकान शोधतो, तर व्यापारी माप आणि भाव शोधतो. कोणत्या ऑनलाइन डिरेक्टरीत (धंद्यांची नावं, पत्ते, फोन देणाऱ्या साइटवर) नाव घालायचं, हे आम्ही यावरूनच ठरवत आलो आहोत.

त्यासाठी ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी (जिथे आपले जुने शोध धरले जात नाहीत) उघडायची आणि गिऱ्हाईक टाइप करेल तेच टाइप करायचं: ‘चादर दुकान सोलापूर’, ‘टेरी टॉवेल होलसेल’. मराठीत एकदा, इंग्रजीत एकदा. पहिल्या पानावर ज्या डिरेक्टऱ्या दिसतात, तेवढ्याच कामाच्या. दोनशे साइटवर नाव घालून देतो म्हणणाऱ्यांचे फोन येतात, त्यांना आम्ही सरळ नाही म्हणतो. त्या साइट कुणी उघडत नाही, आणि उद्या फोन नंबर बदलला तर दोनशे ठिकाणी दुरुस्ती कोण करणार?

दुकानासाठी सगळ्यात आधी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद. २०२१ पर्यंत याचंच नाव गूगल माय बिझनेस होतं. नोंद फुकट आहे. नाव दुकानाच्या पाटीवर आहे तेच लिहायचं. नावापुढे ‘बेस्ट सोलापुरी चादर होलसेल’ असं शेपूट जोडणं नियमाविरुद्ध आहे, त्याने प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं. मुख्य कॅटेगरी एकच मिळते, जोडीला आणखी नऊपर्यंत घेता येतात. किरकोळ दुकानाला ‘बेडिंग स्टोअर’ किंवा ‘लिनन्स स्टोअर’ जवळची पडते. ‘मॅन्युफॅक्चरर’ मुख्य ठेवलं तर चादर घ्यायला निघालेल्या माणसाला आपण दिसण्याची शक्यता कमी होते.

दुकान खरंच आपलं आहे का, याच्या पडताळणीला गूगल बऱ्याचदा व्हिडिओ मागतं. तो एका दमात, मध्ये न कापता घ्यायचा: आधी रस्ता आणि शेजारच्या पाट्या, मग आपली पाटी, मग किल्लीने शटर उघडणं, आत मांडलेला माल आणि बिलाचं काउंटर. बँकेची कागदपत्रं त्यात येऊ द्यायची नाहीत.

एमआयडीसीतल्या कारखान्यावर गिऱ्हाईक येत नसेल, तर तिथे दुकानाची पिन टाकू नये. बाहेरगावचा माणूस रिक्षा करून तिथे पोचतो, बंद फाटक बघतो आणि एक तारा देऊन जातो. त्याचं काही चुकलेलं नसतं.

पत्त्याचा घोळ सोलापुरात हमखास होतो. एका जागी ‘पूर्व मंगळवार पेठ’, दुसरीकडे ‘ईस्ट मंगळवार पेठ’, तिसरीकडे नुसतंच जवळच्या चौकाचं नाव. फोनही कुठे दुकानाचा, कुठे मुलाचा. मग एकाच दुकानाच्या दोन-तीन नोंदी तयार होतात आणि रिव्ह्यू त्यांच्यात विखुरतात. आम्ही नाव, पत्ता, पिनकोड, फोन आणि वेळ एका फाइलमध्ये लिहून ठेवलं आहे आणि सगळीकडे तेच चिकटवतो. नवी नोंद करण्याआधी आपला नंबर शोधून बघावा. डिरेक्टरीने आधीच नाव घातलेलं असेल तर तीच नोंद आपल्या ताब्यात घ्यावी.

जस्टडायलवर फुकटची नोंद पुरते. बिंग प्लेसेसमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या बिंग शोधातली अशीच नोंद) गूगलवरची माहिती थेट आणता येते, त्यामुळे ते काम लवकर उरकतं.

घाऊक मालासाठी इंडियामार्ट, म्हणजे व्यापाऱ्यांना विक्रेते शोधून देणारी साइट. तिथे दुकानाच्या फोटोपेक्षा मालाचा तपशील महत्त्वाचा: माप, वजन, जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), रंग, कमीत कमी किती नग, भाव जीएसटीसह की वगळून. ३० × ६० इंची टॉवेल ४०० जीएसएमचा लिहिला, तर त्याचं वजन साधारण ४६५ ग्रॅम भरलं पाहिजे. शेजारच्या रकान्यात ३५० ग्रॅम लिहिलं असेल तर हॉटेलचा खरेदीवाला तिथेच ओळखतो आणि पुढे फोन करत नाही. चादरीलाही नुसतं ‘डबल’ लिहून भागत नाही, लांबी-रुंदी इंचात आणि वजन द्यावं लागतं.

डिरेक्टरीत पैसे भरून जाहिरात घ्यायची असेल, तर आधी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. एकच चौकशी किती विक्रेत्यांना जाते? आपला नंबर दिसतो की डिरेक्टरीचा? मुदत संपल्यावर खात्यातून पैसे आपोआप कापले जातात का? नंबर त्यांचा असेल तर करार संपला की गिऱ्हाइकाकडे सेव्ह असलेला नंबर आपला राहत नाही. पाटीवर आणि बिलावर कायम स्वतःचाच नंबर असू द्यावा.

रिव्ह्यूसाठी सवलत देणं गूगलच्या नियमात बसत नाही. बिलासोबत क्यूआर कोड दाखवून विनंती करावी, आणि उत्तर प्रत्येकाला द्यावं, तक्रार असेल तर आधी. गड्डा यात्रेत (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत) वेळ बदलते, ती ‘विशेष वेळा’मध्ये आधीच भरावी. प्रोफाइलमध्ये बदल कुणीही सुचवू शकतो, म्हणून महिन्यातून एकदा वेळ, पिन आणि फोन तपासतो.

काउंटरवर एक वही असते. फोन करणाऱ्याला ‘नंबर कुठून मिळाला?’ एवढंच विचारायचं आणि डिरेक्टरीच्या नावापुढे खूण करायची, माल गेला तर रक्कमही. डिरेक्टरीच्या जाहिरातीच्या नूतनीकरणाचा माणूस आला की ती वही त्याच्यासमोर उघडतो.