हेडरेस्ट स्क्रीनवर मोबाइल : वायरिंगनंतरचा टप्पा

गाडीच्या फ्यूज टॅपवरून (फ्यूजच्या जागी बसवून जादा वायर काढायचा जोड) अॅक्सेसरी लाइन, म्हणजे चावीबरोबर चालू-बंद होणारी वीज, घेऊन पुढच्या सीटच्या दोन्ही हेडरेस्ट स्क्रीन सुरू झाल्या. चावी काढली की बंदही होतात, म्हणजे बॅटरी उतरायची धास्ती नाही. आता खरं काम सुरू झालंय : घरातले सगळे मोबाइल त्यांना जोडायचे.

स्क्रीन किती इंची घ्यायची यावर आपण फार खल करतो. माझं मत विचाराल, तर आधी फोनचं पोर्ट बघा. टाइप-सी आहे म्हणून त्यातून चित्र बाहेर येतंच असं नाही. त्यासाठी फोनमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, म्हणजे त्याच पोर्टमधून चित्र बाहेर पाठवण्याची सोय, लागते. मधल्या किमतीच्या बहुतेक अँड्रॉइड फोनचं पोर्ट यूएसबी २.० असतं, चार्जिंग आणि डेटापुरतं. तिथे कितीही महागडं टाइप-सी ते एचडीएमआय (स्क्रीनचं चित्र-आवाजाचं पोर्ट) केबल लावा, स्क्रीन कोरीच राहणार. सॅमसंगच्या एस मालिकेत ही सोय आहे, अॅपलने २०२३ मध्ये आयफोन १५ ला टाइप-सी दिलं तेव्हापासून त्यातही आहे. माझा फोन यात बसतो, त्यामुळे एका केबलवर काम झालं.

बायकोचा आयफोन जुना, टाइप-सीच्या आधीच्या लायटनिंग पोर्टवाला. अॅपलच्या लायटनिंग ते एचडीएमआय अॅडॉप्टरमध्ये चक्क छोटा प्रोसेसर असतो. फोन चित्र दाबून पाठवतो आणि अॅडॉप्टर ते उलगडतो, म्हणून चित्र किंचित मागे राहतं. सिनेमाला काही फरक पडत नाही, गेम खेळताना मात्र जाणवतं. बाजारातल्या स्वस्त अॅडॉप्टरना बहुधा बाहेरून पॉवर दिल्याशिवाय जागच येत नाही. ही पॉवर एचडीएमआयकडून मिळेल अशी आशा नको, कारण त्या ५ व्होल्टच्या पिनवर जेमतेम ५५ मिलिअँपिअरची हमी असते. डॅशबोर्डच्या साध्या यूएसबीचे ५०० मिलिअँपिअरही काही अॅडॉप्टरना अपुरे पडतात आणि चित्र लुकलुकायला लागतं. म्हणून मागच्या सीटसाठी २.४ अँपिअरचा वेगळा चार्जर कायमचा बसवून टाकला.

केबल नको असेल तर मिराकास्ट, म्हणजे फोनचं चित्र बिनतारी स्क्रीनवर पाठवायची सोय. ते वाय-फाय डायरेक्टवर, म्हणजे फोन आणि स्क्रीनच्या थेट जोडणीवर चालतं, इंटरनेट लागत नाही. स्क्रीनच्या एचडीएमआयला लावायच्या गूगलच्या क्रोमकास्ट डोंगलचं तसं नाही. त्यावर कास्ट केलं की डोंगल स्वतः नेटवरून व्हिडिओ ओढतं. कराडहून चिपळूणला निघालं की कुंभार्ली घाटात रेंज जाते आणि तिथे हा फरक लगेच कळतो. मिराकास्टवर फोनमधली फाइल चालूच राहते. आयफोनमध्ये मात्र मिराकास्ट नाही, आणि गूगलच्या पिक्सेलमध्येही नाही. आमच्या गाडीत तरी भरवशाची केबलच.

चित्र काळं आणि आवाज चालू, असं ओटीटी अॅपवर दिसलं तर केबलला दोष देऊ नका. तो एचडीसीपीचा, म्हणजे व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या कुलपाचा पहारा. फोन, अॅडॉप्टर, स्प्लिटर (एक चित्र दोन स्क्रीनना वाटणारा डबा), स्क्रीन या साखळीतली एक कडी जरी ते मानत नसेल, तरी अॅप चित्र अडवतं. आपण स्वतः काढलेला व्हिडिओ लावून बघा. तो दिसला तर जोडणी ठीक आहे.

जुन्या एव्ही इनपुटबद्दल (चित्राचा पिवळा, आवाजाचे लाल-पांढरे प्लग) थोडं सविस्तर, कारण सेकंडहँड गाड्यांत अजून तेच सापडतं. ३.५ मिलिमीटरच्या चार भागांच्या जॅकमध्ये ग्राउंड (सगळ्यांची सामाईक परतीची वायर) आणि व्हिडिओ कुठे, हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक पिवळ्या प्लगच्या बाहेरच्या धातूच्या कड्याला लावा आणि दुसरं जॅकच्या एकेका भागावर टेकवा. बीप वाजला तो ग्राउंड. मग हीच तपासणी पिवळ्याच्या मधल्या पिनपासून करा, व्हिडिओची जागा कळेल. केबलचं ग्राउंड स्क्रीनच्या सॉकेटशी जुळत असेल आणि तरीही चित्र नसेल, तर कन्व्हर्टरकडून येणारी पिवळ्याची वायर केबलच्या लाल प्लगला जोडून बघा. अनेकदा तेवढ्याने चित्र येतं. फोनचं चित्र अशा स्क्रीनला देणाऱ्या एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टरवर पाल-एनटीएससीची (जुन्या टीव्ही सिग्नलच्या दोन पद्धती) कळ असते, तीही स्क्रीनप्रमाणे लावा.

आवाज गाडीच्या ऑक्समधून (म्युझिक सिस्टिमचं बाहेरच्या आवाजाचं सॉकेट) घेतला, तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येऊ शकते. चार्जर काढल्यावर ती गेली तर ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांनी जोडल्या गेलेल्या ग्राउंडचा गोंगाट समजा, ऑक्सच्या वायरीत तो तोडणारा आयसोलेटर घाला. पण मागच्यांना हेडफोन दिलेलाच बरा, चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर राहतं. ब्लूटूथ हेडफोन स्क्रीनऐवजी फोनशी जोडा. व्हिडिओ अॅपला तेव्हा आवाजाचा उशीर कळतो आणि ते चित्र तेवढंच थांबवतं, ओठ आणि आवाज जुळतात.

पुढचं काम केबल लपवण्याचं. सीट पुढेमागे सरकते आणि हेडरेस्ट वरखाली होतो, त्यामुळे तिथे ढील ठेवायची आहे. सीटच्या बाजूला एअरबॅग आहे, तिकडून वायर अजिबात न्यायची नाही. काटकोनी एचडीएमआय कनेक्टर मागवलाय. तो आला की मधल्या कन्सोलखालून वायर ओढणार.