फोंडा ते वेर्ले, जुन्या जिप्सीतून: निघण्याआधी काय बदललं, काय तसंच ठेवलं

वेर्ले हे गोव्यातल्या नेत्रावळी अभयारण्याच्या पोटातलं, डोंगरावरचं गाव. वरपर्यंत डांबर आहे, त्यामुळे साधी कारही पोचते. आम्हाला जायचं होतं त्याच्या अलीकडच्या एका ओळखीच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत. तिथली शेवटची वाट म्हणजे चिखल, जांभ्याचे सुटे दगड आणि मध्ये एक व्हाळ. त्यासाठी मारुतीची जिप्सी काढली, चारही चाकांना जोर देता येणारी. गाडी २००६ची, १.३ लिटर एमपीएफआय, पंधरा वर्षांचं पासिंग संपल्यावर पुन्हा पाच वर्षांसाठी पास करून घेतलेली. मीटर फार पळालेलं नाही. पण गोव्यातल्या गाडीला किलोमीटरपेक्षा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस जास्त खातो. रबर आणि पत्रा मीटर बघून म्हातारे होत नाहीत.

मग निघण्याआधी काय काय बदलायचं? सगळंच बदलत बसलं तर नवी गाडी परवडेल. मी एकच हिशेब लावतो. जो भाग बिघडायच्या आधी आवाज करतो, हलतो, गळतो, त्याला थांबवता येतं. जो भाग एक शब्द न बोलता तुटतो, तो चांगला दिसत असतानाच काढायचा. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) रबरी बुश आधी करकरतात, हबचं, म्हणजे चाकाच्या मध्याचं, बेअरिंग आधी घुमतं, शाफ्टच्या टोकाचा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) गेला तर गाडी सोडता-पकडताना खालून टक् होतं. क्लच केबल, फॅन बेल्ट, रेडिएटरचे होज आणि ब्रेकचे रबरी पाइप मात्र सकाळी ठीक असतात आणि दुपारी नसतात. आणि हे चारही भाग स्वस्त आहेत.

क्लच केबल काढली तेव्हा आमचे मेस्त, म्हणजे मेकॅनिक, म्हणाले, "चालतंय ते कशाला काढताय?" मी केबल पेडलच्या बाजूने वाकवून त्यांच्यापुढे धरली. बाहेरचं आवरण धड होतं, पण टोकाशी, जिथे तार पेडलच्या हुकात वळते, तिथे दोन बारीक तारा तुटून केसासारख्या बाहेर आल्या होत्या. मेस्तांनी अंगठा फिरवला, टोचलं, आणि पुढे काही बोलले नाहीत. ती केबल फेकली नाही. ग्रीस लावून, गोल गुंडाळून सीटखाली टाकली. काढलेला पण चालू असलेला भाग हा सगळ्यात चांगला स्पेअर, कारण तो आपल्याच गाडीला बसतो हे ठाऊक असतं. नवीन डबीतला भाग तसाच ठेवून निघणाऱ्यांना माझं सांगणं: नवा बसवा, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, जुना बरोबर ठेवा. नव्यातही खराब माल निघतो, आणि तो घराजवळ कळलेला बरा.

होज विकत घेताना पाकिटावरची तारीख बघा. जिप्सीचं उत्पादन थांबून काही वर्षं झाली. सैन्याकडे गाड्या असल्यामुळे सुटे भाग मिळतात, पण दुकानाच्या माळ्यावर पडून राहिलेलं रबर न वापरताच कडक होतं. होज दाबून बघायचा: नखाने दाबल्यावर बारीक भेगा उघडल्या किंवा आतून कुरकुर आली तर घेऊ नका. टायरचंही तसंच. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी भेगाळलेला टायर जांभ्याच्या धारेवर नेऊ नये.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडे ओलीला तोटा नाही. दर दोन वर्षांनी बदला. रंग काळपट चहासारखा झाला असेल तर वाट बघू नका. पाणी मुरलेलं ऑइल लांब उतारावर तापलं की त्यात वाफ धरते आणि पेडल पोकळ जातं. वेर्लेहून उतरताना हा विचार मनात नसलेला बरा. घरी दोघांनी मिळून करण्यासारखं काम आहे. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा चाकापाशी ऑइल सोडायचा निपल सोडतो, आणि निपल घट्ट झाल्याशिवाय पहिल्याने पाय उचलायचा नाही. माझा मावसभाऊ पाय उचलण्यात फार घाई करतो, म्हणून आता तो निपलवर आणि मी पेडलवर.

पुढच्या अॅक्सलवर सगळ्यात जास्त वेळ गेला. जिप्सीचा पुढचा नकल, म्हणजे चाक वळवणारा सांधा, किंग पिनच्या वर-खाली दोन बेअरिंगवर फिरतो, आणि आत अॅक्सलचं ऑइल सील असतं. ते सील गेलं की डिफरेन्शियलचं, म्हणजे मधल्या गिअरपेटीचं, ऑइल नकलमधल्या ग्रीसमध्ये मिसळतं आणि चाकाच्या आतल्या बाजूला, नकलच्या गोळ्यावरून काळा पातळ रस उतरायला लागतो. थोडं ओलसर असेल तर लक्ष ठेवा. टायरच्या आतल्या भिंतीवर शिंतोडे दिसले तर आधी सील, मग जंगल. चाक हलतंय की नाही हे बघायला जॅक लावून वर-खाली धरून हलवा. हललं, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून परत हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष हबच्या बेअरिंगमध्ये, तरीही हललं तर किंग पिनमध्ये. आमच्या डाव्या चाकात किंग पिनचा किंचित ढिलेपणा होता. तो मी तसाच ठेवला. तो बोलतोय, अजून ओरडत नाही. शिवाय त्याच्या शिम (पातळ चकत्या) बसवणं हे माझं काम नव्हे. टायमिंग बेल्टही मी अंगणात करत नाही. त्यासाठी चांगला फिटर, आणि बेल्ट निघालाच आहे तर टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच खेपेला.

इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारे प्रॉपेलर शाफ्ट तीन: गिअरबॉक्स ते ट्रान्सफर केस (जोर पुढे-मागे वाटणारी पेटी) एक आखूड, तिथून पुढे एक, मागे एक. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना क्रॉस. शाफ्ट उतरवायचा असेल तर आधी दोन्ही फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकत्यांवर, मिळून एक रंगाची रेघ ओढा आणि परत त्याच जुळणीवर बसवा, नाहीतर नवा क्रॉस टाकूनही गाडी थरथरते आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. ग्रीस गन मारताना जुनं ग्रीस चारही टोपणांतून बाहेर येईपर्यंत मारायचं. एका टोपणातून आलंच नाही, तर तो क्रॉस आतून कोरडा आहे असं धरा.

पाट्यांचं काम मात्र सावर्डे-कुडचडे भागात करून घ्यावं या मताचा मी आहे. इथल्या लोहखनिजाच्या खाणी २०१२ साली बंद पडल्या, मग सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा बंद. पण खनिज वाहणाऱ्या ट्रकांनी या पट्ट्यात पाटे जाणणारे हात तयार करून ठेवले. त्यांना सांगायचं एवढंच: बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. गाडी जॅकवर लोंबकळत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. पाटे बांधून धरणारे यू-बोल्ट शंभरेक किलोमीटरनंतर परत आवळा.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड हवेतच. आमच्या अंगणाची जमीन जांभ्याची, वरून सपाट दिसते आणि वजन आलं की एक कोपरा खचतो. खाली जाड फळी घाला. तीच फळी गाडीतही ठेवा. चिखलात जॅक लावायची वेळ आली की तिची किंमत कळते.

आता रस्ता. फोंड्याहून शिरोडा, पंचवाडीमार्गे सावर्डे, मग कुडचडे, तिळामळ, जांबावली, रिवण. पेट्रोल कुडचड्याला भरून घ्या, टाकी चाळीस लिटरची आहे आणि पुढे जंगलात भरवशाचं काही नाही. रिवणच्या पुढे उसगाळीमळला वळलो. कुशावतीच्या काठावर जांभ्याच्या सपाट कातळावर कोरलेले बैल, हरणं, माणसं आणि वेटोळ्यांचा तो प्रसिद्ध चक्रव्यूह. १९९३ साली हे बाहेरच्या जगाला कळलं, गुराख्यांना त्याआधीपासून माहीत असणारच. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. डोक्यावर ऊन असलं की रेघा दिसत नाहीत. कातळावर चपला काढून चाला आणि गाडी लांब लावा.

नेत्रावळीत गोपीनाथाच्या देवळाची बुडबुड्यांची तळी बघून पुढे निघालो. अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं, क्षेत्र २११ चौरस किलोमीटर. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा आणि रस्ता सोडून जंगलात गाडी घालू नका. फोर-व्हील आहे म्हणून ओढ्यात चाकं फिरवायची हौस इथे गुन्हा ठरते. आमची कच्ची वाट खाजगी कुळागराची होती, मालकांची परवानगी घेऊन. तुमच्याकडे तशी ओळख नसेल तर वेर्लेपर्यंतचा घाट पुरे आहे, आणि जेवणाचं आदल्या दिवशी गावात कळवून ठेवा.

घाटात तापमानाचा काटा मध्याच्या खालीच राहिला. रेडिएटर धुताना आम्ही पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारलं होतं. खाणपट्ट्यातली तांबडी धूळ पुढून मारलेल्या पाण्याने आणखी आत बसते. डांबरावर फोर-व्हील घालू नका. जिप्सीत पुढच्या-मागच्या चाकांमधला डिफरेन्शियल नाही, वळणावर सगळा ताण शाफ्टवर आणि टायरवर येतो आणि लिव्हर अडकतो. कच्च्या वाटेच्या तोंडाशी थांबून फोर-एच (फोर-व्हीलचा वेगाचा गिअर) घातला, टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली आणि चारही हबला हात लावला. एक जास्त गरम लागला तर तिथे बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय असं समजावं. किंग पिनवालं डावं चाकही बाकीच्यांइतकंच कोमट होतं.

व्हाळाचं पाणी हबच्या जेमतेम वर. तरी पाच-दहा मिनिटं थांबून मगच घातलं. तापलेला अॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते. वरचा ब्रीदर, म्हणजे हवा खेळायची बारीक नळी, चिखलाने बुजला असेल तर ती हवा सीलमधून पाणी ओढते. ब्रीदर निघण्याआधी साफ करणं म्हणजे पाच मिनिटांचं फुकटातलं काम, आणि नव्वद टक्के लोक ते करत नाहीत. हा नव्वदचा आकडा माझ्या संतापाचा आहे, कुणी मोजलेला नाही. पाणी ओलांडल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं चालवा. मागचे ड्रम वाळायला वेळ लागतो.

कुळागराच्या मालकीणबाईंनी शीत-कडी आणि तळलेले बांगडे वाढले. त्यांच्या दारात उभ्या असलेल्या जुन्या जीपचं बॉनेट उघडून मावसभाऊ अर्धा तास तिथेच.

परतताना साळावली धरणावरून सांगे, सावर्डे. घरी आल्यावर आधी गोड्या पाण्याने खालून धुतली. चासीच्या पोकळ्यांतली भोकं काडीने मोकळी केली, नाहीतर तांबडी माती आत ओल धरून बसते आणि पत्रा आतून सडतो. हातोडीच्या मुठीने चासी ठोकत जा. टणटण वाजते तिथे ठीक, भद्द वाजते तिथे उघडून बघा. मग क्रॉसना परत ग्रीस, आणि दोन्ही डिफरेन्शियलचे प्लग जरासे सैल करून ऑइल बोटावर घेतलं. दुधाळ कॉफीसारखं झालं असतं तर पाणी शिरलं म्हणून सगळं बदलावं लागलं असतं. मागचं स्वच्छ होतं. पुढचं जुनं आणि काळं, पण दुधाळ नाही. ते किंग पिनच्या कामाबरोबर बदलायचं ठरलंय, चतुर्थीच्या आधी. नकल उघडला की दोन्ही बाजूंची सील लागतील, ती आत्ताच आणून ठेवली आहेत.