पाटी भिरकावण्याआधी काय झालं?

जुलैतली दुपार. पत्र्यावर पाऊस असा कोसळतोय की बाईंचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही. दुसरीतलं स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल कान दाबून धरतं, किंचाळतं आणि समोरची पाटी भिरकावतं. वहीत नोंद होते ती एवढीच: 'वर्गात त्रास दिला. पालकांना बोलावले.' पावसाचा त्या नोंदीत पत्ताच नसतो. खरं काम इथूनच सुरू व्हायला हवं, कारण मुलाचं वर्तन बदलायचं तर बहुतेक वेळा आधी बदलावं लागतं ते त्याच्याभोवतीचं काहीतरी.

साधी शंभर पानी वही घ्या आणि चार रकाने आखा. वेळ, आधी काय चाललं होतं, मुलानं नेमकं काय केलं, त्यानंतर लगेच काय झालं. पाच ते दहा शाळेचे दिवस नोंद ठेवा. 'हट्टीपणा केला' ही नोंद नव्हे. 'गणिताच्या तासाला 20 मिनिटांत 6 वेळा जागेवरून उठला' ही नोंद. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळताना लिहायला सवड नसते, हे खरं आहे. म्हणून एकच वर्तन निवडावं आणि एका खिशात चिंचोके ठेवावेत. ते वर्तन दिसलं की एक चिंचोका दुसऱ्या खिशात टाकायचा. मधल्या सुट्टीत मोजून आकडा टिपायचा.

आठवड्याभरात त्या रकान्यांत एक वळण दिसू लागतं. कारणं बहुधा चारच असतात. नकोसं काम टाळायचंय, कुणाचं लक्ष हवंय, एखादी वस्तू हवीय, किंवा शरीराला एखादा स्पर्श, आवाज, हालचाल हवीय वा सोसत नाहीय. वरून एकच दिसणारी किंकाळी या चारांपैकी कशामुळेही निघू शकते, आणि उपाय मात्र प्रत्येक वेळी वेगळा असतो. सर्वांत जास्त घोळ पहिल्या कारणात होतो. वाचन जमत नाही म्हणून पुस्तक फाडणाऱ्या मुलाला व्हरांड्यात उभं केलं, तर त्याची वाचनातून सुटका झाली. उद्या ते पुस्तक आणखी लवकर फाटेल. बाईंना वाटतं शिक्षा दिली, मुलाच्या हिशेबी मात्र ते बक्षीसच. शिवाय मारणं आणि मानसिक छळ या दोन्हींना शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नं मनाई केली आहे. कायदा नसता तरी शिक्षेनं मूल 'नको' म्हणण्याची दुसरी रीत शिकत नाही.

ती रीत आपणच शिकवायची. पत्त्याएवढ्या पुठ्ठ्यावर उघड्या हाताच्या पंजाचं चित्र काढा, म्हणजे 'थोडं थांबूया'. मूल शांत असताना हे कार्ड आपल्या हातात द्यायला शिकवा. भडका उडालेला असताना कुणी काही शिकत नाही. सुरुवातीला कार्ड आलं की प्रत्येक वेळी, तत्काळ, 2 मिनिटांची विश्रांती द्या आणि मग पुन्हा कामाकडे आणा. फाडण्यापेक्षा कार्ड देणं सोपं आणि लवकर फळणारं असलं तरच मूल ते वापरेल. चार दिवसांत 'आता पुरे, दर वेळी काय!' म्हटलं की कार्ड मेलं, फाडणं परत आलं. कार्ड रुळलं की 'आधी एक गणित, मग विश्रांती' असं हळूहळू वाढवत न्या. सोबत कामही लहान करा. पानावर दहा गणितं असतील तर तीन उघडी ठेवून बाकीच्यांवर कोरा कागद ठेवा.

लक्ष वेधण्यासाठी ओरडणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष केलं की पहिले काही दिवस ओरडणं वाढतं. नेमक्या त्या टोकाला 'दी गो तेका, रडता मा' (दे गं त्याला, रडतोय ना) म्हणून घरात कुणी हार मानली, तर मूल शिकतं की आणखी मोठ्यानं ओरडलं की मिळतं. म्हणून आजीलाही आधी सांगून ठेवायला हवं. आणि नुसतं दुर्लक्ष कधीच पुरत नाही. शांतपणे हात वर केल्याकेल्या त्याच्याकडे वळायला हवं. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत असेल तिथे दुर्लक्ष चालत नाही.

शाबासकी नेमकी द्या. 'शहाणा आहेस' यातून काहीच कळत नाही. 'हात धुऊन रांगेत उभा राहिलास, छान' यातून कळतं. पुठ्ठ्याच्या पट्टीवर शिंपले लावून पाच झाले की मुलानं निवडलेली गोष्ट, हेही चांगलं चालतं. सुरुवात दोनपासून करा. मूल वस्तू तोंडात घालत असेल तर शिंपल्यांऐवजी पट्टीवर खडूच्या खुणा करा. कमावलेला शिंपला रागाच्या भरात काढून घेऊ नये, मुलाचा त्या पट्टीवरचा विश्वासच उडतो. शालेय पोषण आहार आणि खेळाचा तास हे तर बक्षीस नव्हेतच. ते त्याचे आहेतच.

कोकणातल्या शाळेचं वर्ष सलग नसतं. गणपतीची सुट्टी, घरात भरलेले चाकरमानी, जागरणं, आरत्या. त्यानंतर शाळेत येणाऱ्या मुलाकडून पहिले दोन-तीन दिवस निम्म्याच कामाची अपेक्षा ठेवा. भिंतीवर दिवसाच्या कामांची चार-पाच चित्रं लावा आणि काम संपलं की चित्र उलटं करा. शिमग्यात पालखी शाळेच्या अंगणात येणार असेल तर आदल्या दिवसापासून तिचं चित्र दाखवा, ढोलांपासून लांबची जागा ठरवा, कान झाकायला काहीतरी हाताशी ठेवा. पावसाळ्यात बसायची जागा पत्र्याखालून कौलांच्या खोलीत हलवली, तर कधी कधी दुसरं काही करावंच लागत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या आधी. न बोलणारं मूल अचानक कानावर मारून घेऊ लागलं, तर वही बाजूला ठेवून कान तपासून घ्या. दातदुखी, बद्धकोष्ठ, अपुरी झोप, फिटच्या औषधातला बदल, सगळं वर्तनातूनच बाहेर पडतं.

तीन-चार आठवड्यांनी चिंचोक्यांचे आकडे पाहा. उतरले नसतील तर मूल सुधारत नाही असं नव्हे, बहुधा आपला कारणाचा अंदाज चुकलाय. दुसरा आणि चौथा रकाना पुन्हा वाचा, गट साधन केंद्रातून विशेष शिक्षक येतील तेव्हा त्यांनाही वाचायला द्या. आणि बदली झाली तर ही वही, पंजाचं कार्ड आणि शिंपल्यांची पट्टी नव्या बाईंच्या हातात, त्या मुलाच्या देखतच, द्या.