नमुना १९: निवृत्त शिक्षकांनो, परत फिरू नका

विधानपरिषदेवर शिक्षकांचा आमदार निवडणाऱ्या शिक्षक मतदारसंघात निवृत्त शिक्षकालाही मत देता येतं. हे मी २०२५ च्या ऑक्टोबरात इतक्या टेबलांसमोर समजावून सांगितलं, की शेवटी तारखांचा हिशेब एका कागदावर लिहून तोच पुढे करायला लागले. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पुणे विभागाची (पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर) यादी तेव्हा नव्याने होत होती. जुन्या यादीत नाव होतं म्हणून नव्या यादीत आपोआप येत नाही. दर निवडणुकीआधी नमुना १९ हा नोंदणीचा अर्ज नव्याने करावा लागतो. अट अशी, की १ नोव्हेंबर या अर्हता तारखेच्या आधीच्या सहा वर्षांत राज्यातल्या माध्यमिक किंवा त्याहून वरच्या मान्यताप्राप्त संस्थेत एकूण किमान तीन वर्षं शिकवलेलं असावं. ती वर्षं सलग नसली तरी चालतात, दोन शाळांत विभागलेली असली तरी चालतात, आणि आज नोकरीत असण्याची अट कुठेच नाही.

मी निवृत्त झाले ३१ मे २०२३ ला. १ नोव्हेंबर २०१९ पासून मोजलं तर साडेतीन वर्षांहून जास्त सेवा भरते. तरी नोंदणीच्या खिडकीवरच्या गृहस्थांनी अर्ज उलगडायच्या आधीच विचारलं, "मॅडम, तुम्ही रिटायर ना? मग तुमचं कसं बसेल?" मी नियम सांगितला. ते आतल्या साहेबांना विचारून आले आणि म्हणाले, बसतंय, पण तीन वर्षांचा दाखला लागेल.

खरा अडथळा तिथून पुढे सुरू झाला. माझी शेवटची दोन वर्षं एका शाळेत गेली आणि त्याआधीची आमच्याच संस्थेच्या दुसऱ्या गावातल्या शाखेत. जून २०२१ मध्ये बदली झाली होती. शेवटच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांनी चहा येईपर्यंत दाखला करून दिला. पण तेवढ्याने तीन वर्षं भरत नव्हती. आधीच्या शाळेचा दाखला हवाच होता.

तिथलं मुख्याध्यापकपद रिकामं होतं आणि कारभार प्रभारींकडे. त्यांचं म्हणणं, "तुम्ही आमच्याकडून निवृत्त झाला नाहीत. शेवटच्या शाळेकडूनच सगळ्या सेवेचा दाखला घ्या." शेवटच्या शाळेतले सर म्हणाले, मी माझ्या शाळेतल्या काळापुरतीच सही करणार. त्यांचं बरोबरच होतं. जो काळ त्यांनी पाहिलेलाच नाही, तो ते प्रमाणित कसा करतील? परत प्रभारींकडे गेले, तर ते म्हणाले, संस्थेचं पत्र आणा. संस्थेच्या कार्यालयात उत्तर मिळालं, हा शाळेचा विषय आहे, पत्र कशाला? मग शाळेतल्या लिपिकाने नवीन काढलं, की सेवापुस्तिका बघितल्याशिवाय काही लिहून देता येणार नाही. माझी सेवापुस्तिका पेन्शनच्या प्रकरणाबरोबर गेलेली, ती आणायची कुठून?

ज्या शाळेत मी नववी-दहावीला नागरिकशास्त्र शिकवलं, विधानपरिषदेचे एक द्वादशांश सदस्य शिक्षक निवडून देतात हे घटनेच्या कलम १७१ सकट फळ्यावर लिहिलं, त्याच शाळेच्या व्हरांड्यात मी त्या कलमाने दिलेल्या हक्कासाठी बसून होते. मधल्या सुट्टीत मुलं येऊन पाया पडत होती आणि आत माझा कागद पडून होता. फार लागलं ते.

मार्ग निघाला तो दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे मी तोंडी विनंत्या बंद केल्या आणि लेखी अर्ज दिला. सोबत बदलीचा आदेश, कार्यमुक्तीचं पत्र आणि नव्या शाळेतला रुजू अहवाल यांच्या प्रती जोडल्या, आवक क्रमांक टाकून पोच घेतली. अर्जात शेवटी लिहिलं, की दाखला देता येत नसेल तर कारण लेखी कळवावं. दुसरी गोष्ट सुचवली तिथल्याच एका जुन्या सहकारी बाईंनी. त्या म्हणाल्या, सेवापुस्तिका कशाला हवी, आपल्याच कपाटात हजेरीपट आहेत आणि शालार्थवर, म्हणजे पगाराच्या ऑनलाइन प्रणालीवर, दर महिन्याचं पगारपत्रक आहे! नोव्हेंबर २०१९ पासून बदलीपर्यंत प्रत्येक महिन्यात माझं नाव होतं. लेखी नकार द्यायला कोणी तयार नव्हतं, आणि पुरावा शाळेच्याच दप्तरात निघाला. सही झाली. शिक्का मात्र मी समोर उभी राहून मारून घेतला.

म्हणून सांगते, निवृत्त होताना शाळेतून निघण्याआधी प्रत्येक शाळेच्या रुजू आणि कार्यमुक्तीच्या कागदांची प्रत घरी ठेवा. पेन्शन सुरू झाली की हे कागद कोणी विचारत नाही असं वाटतं, पण विचारतात.

पुढचं सगळं सुरळीत झालं. प्रारूप यादीत, म्हणजे अंतिम यादीआधीच्या कच्च्या यादीत, नाव आलं.

जाऊ म्हणाली, एका मतासाठी एवढी पायपीट का? ती जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आहे. तिला या मतदारसंघात मतच नाही, कारण अट माध्यमिकपासूनची. मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या बाईला शिक्षकांचा आमदार निवडता येत नाही, हे मला कधीच पटलेलं नाही. म्हणून ज्यांना मत आहे त्यांनी तरी ते सोडू नये.

आणि कारण आणखी एक आहे. ७८ जणांच्या परिषदेत आपल्या शिक्षकांच्या जागा फक्त सात. मुंबईतून संजीवनी रायकर यांच्यासारखी शिक्षिका तिथे गेली, तेव्हा आमच्या पिढीतल्या बायकांना पहिल्यांदा वाटलं, की आपल्यातलं कोणी तिथे उभं राहून बोलू शकतं. पण उमेदवार शिक्षकच असला पाहिजे अशी अट कायद्यात नाही. तीस वर्षं पूर्ण झालेला, राज्यातल्या मतदारयादीत नाव असलेला कोणीही उभा राहतो. शिक्षणसेवकाच्या मानधनावर तीन वर्षं काढणं म्हणजे काय, विनाअनुदानित तुकडीवर पगाराविना शिकवणं म्हणजे काय, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागला म्हणून जुनी पेन्शन हुकणं म्हणजे काय, हे ज्याने वर्गात उभं राहून सोसलं आहे त्याने सभागृहात लक्षवेधी सूचना मांडली की तिला वजन येतं. असा माणूस, आणि शक्यतो अशी बाई, पाठवायची तर यादीत आधी आपली नावं हवीत.

काही गोष्टी राहिल्या. नोंदणी राहत्या पत्त्यावर होते, शाळा कुठे होती त्यावर नाही. ठाण्यात शिकवून साताऱ्यात राहायला आलेल्यांनी पुणे विभागात अर्ज करायचा. नोकरीत असलेल्यांचे अर्ज मुख्याध्यापक एकत्र पाठवू शकतात, पण निवृत्तांचं कोणाच्या लक्षात येत नाही, तेव्हा स्वतःच जा. सेवा सलग असेल तर आमच्या वेळच्या हिशेबाने किमान ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत नोकरीत असणं गरजेचं होतं. ३१ मे २०२२ ला निवृत्त झालेली माझी मैत्रीण पाच महिन्यांनी हुकली.

मतदान पसंतीक्रमाचं असतं, म्हणजे उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे. केंद्रावर दिलेलं जांभळं स्केचपेनच वापरायचं, आपलं पेन नाही. पहिल्या पसंतीचा १ अंकातच लिहायचा. मराठी, इंग्रजी किंवा रोमन अंक चालतो, पण अक्षरात ‘एक’ लिहिलं, बरोबरची खूण केली किंवा सही केली तर मत बाद होतं.